स्क्रीनशॉट पीएनजी, जेपीजी की वेबपी? मराठी अक्षरांचे अनुस्वार फुटतात, त्यावर उपाय

नंदनवन
नमस्कार मंडळी. शाळेतल्या शिक्षकांसाठी संगणक वापराची मराठी पुस्तिका तयार होत आहे. त्यात साधारण ७० स्क्रीनशॉट लागतील. विंडोज ११, स्क्रीन १९२० × १०८०. हेच स्क्रीनशॉट तीन ठिकाणी जाणार: नागपूरच्या महाल भागातल्या प्रेसमध्ये एकरंगी छपाईला, शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि संकेतस्थळावर.

आतापर्यंत पेंटमध्ये चिकटवून जेपीजी करून ठेवले. त्यात शिरोरेषेवरचे अनुस्वार डागासारखे दिसतात, रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात, लाल रंगातल्या सूचना तर वाचताच येत नाहीत. पीएनजी केले तर काही फाइल तीन-तीन एमबीच्या होऊन राहिल्या. कोणता फॉरमॅट कुठे वापरावा आणि नेमक्या सेटिंग काय ठेवाव्यात?

मिहान_टेस्टर
आधी जेपीजीत काय बिघडते ते पाहू, म्हणजे उपाय आपोआप कळतो.

जेपीजी हे १९९२ चे मानक आहे आणि ते फोटोसाठी घडवले आहे. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, झपाट्याने बदलणारे तपशील कमी अचूकतेने साठवायचे, ही त्याची रीत. आकाश, चेहरा, झाडे यांत हे डोळ्याला जाणवत नाही. पण पांढऱ्यावर काळे अक्षर म्हणजे एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर थेट उडी. ती उडी नीट साठवली गेली नाही की अक्षराभोवती राखाडी तरंग उठतात. आपल्या लिपीत हे जास्त बोचते, कारण नेहमीच्या आकाराच्या मजकुरात अनुस्वार जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा असतो. तो तरंगात बुडाला की ‘वंश’चा ‘वश’ होतो. इंग्रजीत एखादा ठिपका पुसट झाला तरी शब्द ओळखता येतो, मराठीत अर्थ बदलतो.

लाल अक्षरांचे कारण वेगळे. बहुतेक प्रोग्रॅम जेपीजी करताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, पण रंगाची माहिती २ × २ अशा चार पिक्सेलमागे एकच. याला ४:२:० म्हणतात. काळ्या अक्षरात रंगच नाही, म्हणून ते वाचते. लाल किंवा भगव्या अक्षराची कड मात्र शेजारी सांडते. निळ्या पट्टीवर लाल मजकूर असेल तर सर्वांत वाईट.

पेंट जेपीजी करताना दर्जा विचारतच नाही आणि ही रंगाची बचतही बंद करू देत नाही. म्हणून जेपीजीसाठी पेंट सोडा.

स्क्रीनशॉट काढताना फाइल पीएनजीच हवी. पीएनजीत काही फेकले जात नाही, उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा मिळतो. विंडोज ११ मध्ये:

विंडोज + प्रिंट स्क्रीन दाबले की पूर्ण स्क्रीन थेट पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये पीएनजी म्हणून जाते. विंडोज + शिफ्ट + एस दाबले की स्निपिंग टूल येते, हवा तेवढा भाग निवडा. ऑल्ट + प्रिंट स्क्रीन फक्त चालू खिडकी उचलते, पण ती क्लिपबोर्डवरच राहते, चिकटवून जतन करावी लागते. नुसते प्रिंट स्क्रीन दाबल्यावर स्निपिंग टूल उघडत असेल आणि ते नको असेल, तर सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे तो पर्याय बंद करा.

ही मूळ पीएनजी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिच्यावर पुन्हा काही जतन करू नका. व्हॉट्सअॅपची प्रत, प्रेसची प्रत, सगळ्या तिच्यातून काढायच्या. जेपीजी उघडून, बाण काढून पुन्हा जेपीजी केली की नुकसानीवर नुकसान होते. आणि आधीची जेपीजी आता पीएनजी करून फायदा नाही. डाग तसेच राहतात, फाइल मात्र फुगते. जे जेपीजीत काढले ते पुन्हा काढावेच लागतील.

अजून एक. फाइलच्या नावातले शेवटचे ‘पीएनजी’ खोडून ‘जेपीजी’ लिहिले म्हणजे फॉरमॅट बदलत नाही. आतली फाइल पीएनजीच राहते. बरेच प्रोग्रॅम सुरुवातीचे बाइट पाहून ते ओळखतात, म्हणून असे नाव बदललेले चित्र काही संकेतस्थळे नाकारतात. ‘जेपीजी’, ‘जेपीईजी’ आणि ब्राउझरमधून जतन करताना कधी येणारे ‘जेएफआयएफ’ ही मात्र एकाच प्रकारची नावे आहेत, तिथे नाव बदलले तर चालते.

फुटाळा_काठ
वरचे सगळे मान्य, पण ‘सगळे पीएनजीतच’ यावर थोडा आक्षेप आहे. तीन एमबी कशामुळे होतात ते पाहिले पाहिजे.

१९२० × १०८० स्क्रीन म्हणजे पिक्सेलमागे ३ बाइट धरून ६२,२०,८०० बाइट, सुमारे ६.२ एमबी. बीएमपीत (न दाबलेल्या चित्रात) जवळपास एवढीच फाइल होते. पीएनजी प्रत्येक ओळीसाठी आधी एक फिल्टर लावते (डावीकडचा पिक्सेल, वरचा पिक्सेल यांच्याशी फरक, असे पाच प्रकार आहेत) आणि मग झिपमध्ये वापरतात त्याच डिफ्लेट पद्धतीने दाबते. पांढरे पान, एकसारखी राखाडी पट्टी, पुन्हा पुन्हा येणारी बटणे असली की ती खूप लहान होते. पण स्क्रीनवर फोटो असेल, डेस्कटॉपवर निसर्गचित्र असेल किंवा व्हिडिओ चालू असेल, तर शेजारचे पिक्सेल सारखे नसतात आणि दाबायला काही उरत नाही.

तेव्हा पहिला उपाय फॉरमॅटचा नाहीच. डेस्कटॉपचा वॉलपेपर काढून एकरंगी करा, खिडक्यांची पारदर्शकता बंद करा (सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स, ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स) आणि हवी तेवढीच खिडकी घ्या. बऱ्याच मोठ्या फाइल इथेच आटोक्यात येतात.

दुसरा, पीएनजी पुन्हा दाबणे. ऑक्सिपीएनजी किंवा ऑप्टिपीएनजी ही साधने वापरली तर एकही पिक्सेल न बदलता फाइल काही टक्के कमी होते. पीएनजीक्वांट हे वेगळे प्रकरण आहे. ते रंग २५६ वर आणते, म्हणजे इथे थोडे नुकसान होते, पण मेनू-बटणांच्या स्क्रीनमध्ये ते शोधूनही सापडत नाही आणि फाइल बहुतेक वेळा निम्म्याहून खाली येते. फोटो किंवा रंगांचा हळुवार उतार असेल तर मात्र पट्टे दिसू शकतात.

तिसरा, संकेतस्थळासाठी वेबपी, हा गूगलचा चित्र-फॉरमॅट. आता सगळे चालू ब्राउझर ती दाखवतात. गूगलच्या स्वतःच्या मोजणीनुसार तिचा लॉसलेस (काहीही न फेकणारा) प्रकार पीएनजीपेक्षा सरासरी २६ टक्के लहान होतो.

मिहान_टेस्टर
@फुटाळा_काठ, वेबपीबद्दल एक भर घालतो, कारण इथे लोक फसतात. वेबपी दोन प्रकारची असते. लॉसलेस प्रकार पीएनजीसारखाच स्वच्छ. लॉसी (काही तपशील फेकणाऱ्या) प्रकारात रंग नेहमी ४:२:० नेच साठवले जातात, दर्जा १०० ठेवला तरी. म्हणजे लाल अक्षरांचे दुखणे तिथे परत येते. तेव्हा जतन करताना ‘लॉसलेस’वर खूण आहे ना, हे दर वेळी पाहून घ्या. शिवाय वेबपीची कोणतीही बाजू १६,३८३ पिक्सेलच्या वर जाऊ शकत नाही. लांबलचक पानाचा अख्खा स्क्रीनशॉट घेतला तर ही मर्यादा ओलांडली जाते आणि फाइल जतनच होत नाही.

पीएनजीतल्या ‘कॉम्प्रेशन लेव्हल ० ते ९’ने गोंधळू नका. तो दर्जा नाही. ९ ठेवले तर जतन करायला थोडा जास्त वेळ लागतो आणि फाइल लहान होते, चित्र तेच राहते. ‘इंटरलेस’ (चित्र टप्प्याटप्प्याने दिसण्याची सोय) बंद ठेवा, त्याने फाइल उलट वाढते.

महाल_डीटीपी
छपाईचे मी सांगतो. नंदनवन भाऊ, पुस्तिका ए४ आहे की ए५, ते लिहिले नाही. ए४ धरतो, दोन्ही बाजूंना अडीच सेंटीमीटर समास.

मजकुराची रुंदी झाली १६ सेंमी, म्हणजे ६.३ इंच. १९२० पिक्सेल तेवढ्यात बसवले की इंचाला सुमारे ३०५ पिक्सेल येतात. प्रेसवाला ‘३०० डीपीआय (इंचाला ठिपके) पाहिजे’ म्हणतो, ते पूर्ण झाले. पण पानावर काहीच वाचता येत नाही! कारण स्क्रीनवर १५ पिक्सेल उंचीचे अक्षर कागदावर सव्वा मिलिमीटरचे होते. इथे डीपीआयच्या आकड्यामागे न लागता कागदावर अक्षर किती उंच येईल हे मोजायचे.

तोच स्क्रीनशॉट कापून फक्त कामाचा ८०० पिक्सेल रुंद भाग घेतला आणि १२ सेंमीवर बसवला, तर इंचाला १७० च्या आसपास पिक्सेल येतात आणि तेच अक्षर सव्वादोन मिलिमीटरचे होते. आकडा कमी झाला, वाचता मात्र येते. सगळ्यांत चांगले म्हणजे काढतानाच मोठे काढणे. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक दाबून १५० टक्के करा. इतर प्रोग्रॅमसाठी सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, स्केल १५० टक्के. मग खऱ्याच जास्त पिक्सेलांनी अक्षर घडते, अनुस्वार गोल येतो, मात्रेची कड स्वच्छ येते. काढून झाल्यावर फोटोशॉपमध्ये मोठे करणे याची बरोबरी करू शकत नाही.

मोठे करावेच लागले तर २००, ३०० टक्के अशा पूर्ण पटीतच करा आणि इंटरपोलेशन (मधले पिक्सेल भरण्याची पद्धत) ‘नन’ किंवा ‘निअरेस्ट नेबर’ ठेवा. १३० टक्के केले की काही रेघा दोन पिक्सेलच्या, काही एकच्या होतात, शिरोरेषा जाड-बारीक दिसते.

आता रंग. तुमची छपाई एकरंगी आहे, म्हणून चित्रे ग्रेस्केल करूनच पानात लावा. आरजीबी (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) तशीच ठेवली आणि पुढे कोणी सीएमवायके (छपाईच्या चार शाया) केली, तर काळे अक्षर चार शायांत वाटले जाते. रंगीत छपाईत प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत कड येते, आणि एकरंगी कामात फक्त काळी प्लेट घेतली तर अक्षर फिके पडते.

ग्रेस्केल करण्याआधी क्लिअरटाइप बंद करून स्क्रीनशॉट घ्या. विंडोज अक्षरांच्या कडांना बारीक लाल-निळी छटा देते. स्क्रीनवर त्याने अक्षर गुळगुळीत दिसते, राखाडी केल्यावर ते जाड आणि मळकट होते. शोधपट्टीत क्लिअरटाइप लिहिले की ‘अॅडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट’ येते, तिथली खूण काढा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. काम झाले की परत लावा.

प्रेसला पीएनजी किंवा एलझेडडब्ल्यू पद्धतीने (काहीही न फेकता) दाबलेली टिफ द्या. टिफने दर्जा वाढत नाही, दोन्ही सारख्याच स्वच्छ. पण टिफमध्ये सीएमवायके ठेवता येते, पीएनजीत येत नाही, म्हणून रंगीत कामाला टिफ सोयीची. एव्हीआयएफ आणि एचईआयसी या नव्या फॉरमॅटमधली चित्रे प्रेसला पाठवू नका.

नंदनवन
पुस्तिका ए४च आहे, समासही तेवढेच. मजकूर वर्डमध्ये आहे आणि पीडीएफ प्रेसला जाणार. पीएनजी लावूनही पीडीएफमध्ये चित्र मळकट दिसते. आणि काही स्क्रीन काळ्या थीममधल्या आहेत, चालतील का?

महाल_डीटीपी
वर्ड फाइल जतन करताना चित्रांतले पिक्सेल स्वतःहून कमी करते. फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड, त्यात ‘इमेज साइझ अँड क्वालिटी’. तिथे ‘डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल’वर खूण करा. ही खूण त्या एका दस्तऐवजापुरती असते, आणि चित्रे घालण्याआधी करायची. आधी कमी झालेली चित्रे त्याने परत येत नाहीत, ती पुन्हा घालावी लागतात.

पीडीएफ करताना ‘मिनिमम साइझ’ नको, ‘स्टँडर्ड’ ठेवा. लिब्रेऑफिस वापरत असाल तर पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत चित्रांसाठी जेपीईजी ९० टक्के आणि ३०० डीपीआयपर्यंत घट असे आधीच लावलेले असते. तिथे ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ निवडा आणि घटवण्याची खूण काढा.

काळी थीम नको. एकरंगी छपाईत काळ्या पट्ट्यावरचे पांढरे बारीक अक्षर शाई पसरून भरून जाते, अनुस्वार तर सर्वांत आधी जातो. झेरॉक्सवर अजून वाईट, टोनरही भरपूर लागतो. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्समधून ‘लाइट’ करा आणि त्या स्क्रीन पुन्हा काढा. जुना स्क्रीनशॉट उलटा करून काम भागवू नका, त्यात चिन्हांचे रंगही उलटतात आणि शिक्षकाला बटण ओळखता येणार नाही.

गोकुळपेठ
मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. कमांड + शिफ्ट + ४, मग स्पेसबार, मग खिडकीवर क्लिक. पीएनजी डेस्कटॉपवर येते, पण खिडकीभोवती पारदर्शक सावली असते. जेपीजीत पारदर्शकता नसल्यामुळे ती सावली पांढऱ्या चौकोनावरची राखाडी धूसर कड होऊन बसते. ऑप्शन की दाबून ठेवून क्लिक केले की सावलीच येत नाही. रेटिना (दाट पिक्सेलांच्या) स्क्रीनवर चित्र दुप्पट पिक्सेलांचे येते, छपाईला ते चांगले, संकेतस्थळाला निम्मे करून द्या.

सिव्हिल_लाइन्स
शिक्षकांच्या पुस्तिकेत विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, मोबाइल दिसणाऱ्या स्क्रीन असतीलच. त्यावर दोन शब्द, कारण हा भाग फॉरमॅटइतकाच महत्त्वाचा आहे.

धूसर करणे किंवा चौकोनी ठोकळे करणे म्हणजे लपवणे नव्हे. आकडे दहाच असल्यामुळे ठोकळ्यांवरूनही ते ओळखून काढता येतात. हायलायटरने काळे फासले तर तो अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे दिसते. पूर्ण भरीव काळा आयत काढा आणि चित्र सपाट करून नव्या नावाने जतन करा. वर्डमध्ये चित्रावर आयत ठेवला तर तो कोणीही उचलून बाजूला करू शकतो. वर्डमध्ये कापलेला भागही फाइलमध्येच राहतो, ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधील ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ वापरल्याशिवाय जात नाही. त्यापेक्षा बाहेरच कापून आणा.

२०२३ मध्ये ‘अॅक्रोपॅलिप्स’ नावाचा दोष उघड झाला होता. विंडोज ११ चे स्निपिंग टूल आणि विंडोज १० चे स्निप अँड स्केच यांत चित्र कापून त्याच फाइलवर जतन केले, की नवी लहान पीएनजी लिहिली जायची, पण जुन्या मोठ्या फाइलचे शेपूट खाली तसेच राहायचे. त्यातून कापलेला भाग काही अंशी परत मिळवता येत होता. मार्च २०२३ च्या अपडेटमध्ये तो दुरुस्त झाला. त्याआधी असे कापलेले स्क्रीनशॉट पुस्तिकेत वापरणार असाल, तर पेंटमध्ये उघडून नव्या नावाने पीएनजी करा, शेपूट जाते.

आणि ज्यांना स्क्रीनशॉट पुरावा म्हणून ठेवायचा आहे त्यांच्यासाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम ६५ ब ऐवजी आता कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, तिच्या ठशासारखा आकडा) लिहायचे असते. पीएनजीची जेपीजी केली, कापली, नुसती उघडून पुन्हा जतन केली तरी हॅश बदलतो. म्हणून मूळ फाइल जशी निघाली तशी ठेवा, हॅश लगेच काढून नोंदवा (पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत गेट-फाइलहॅश, एसएचए-२५६), आणि खुणा-बाण प्रतीवर करा. सातबाऱ्यासारख्या कागदासाठी मात्र स्क्रीनशॉट काढूच नका, डिजिटल स्वाक्षरीची पीडीएफ उतरवून घ्या. स्क्रीनशॉटमध्ये ती स्वाक्षरी तपासता येत नाही.

सक्करदरा
इथेच विचारतो. ऑनलाइन अर्जात ‘फक्त जेपीजी, १०० केबीपर्यंत’ असे असते. मजकुराचा स्क्रीनशॉट त्यात कसा बसवावा, की वाचताही येईल?

फुटाळा_काठ
इरफानव्ह्यू हा चित्रांचा प्रोग्रॅम घ्या, घरगुती वापराला मोफत आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा.

आधी कापा. रिकामी जागा, टास्कबार, बाजूच्या पट्ट्या सगळे काढा. मग ग्रेस्केल करा, रंगाची माहितीच नाही म्हटल्यावर ४:२:० चा प्रश्नच मिटतो आणि केबीही वाचतात. मग एस ही कळ दाबा, जेपीजी निवडा. शेजारी पर्यायांची खिडकी येते, त्यात दर्जा ८५ ठेवा. रंग ठेवावाच लागत असेल तर ‘डिसेबल क्रोमा सबसॅम्पलिंग’वर खूण करा. एवढ्याने बसले नाही तर ७० पर्यंत उतरा. त्याखाली अनुस्वार धरवत नाही. तरीही मोठी असेल तर मगच रुंदी कमी करा, ‘रिसॅम्पल’ निवडून.

याच खिडकीत फाइल इतक्या केबीची करा असाही पर्याय आहे, पण तो दर्जा कुठे नेतो ते दिसत नाही. वापरलाच तर जतन झालेली फाइल १०० टक्क्यांवर उघडून प्रत्येक ओळ वाचून पाहा, खासकरून नावे आणि आकडे. ३ आणि ८, ५ आणि ६ यांत गफलत होते.

गिंप या चित्र-संपादन प्रोग्रॅममध्ये हेच एक्स्पोर्टच्या वेळी करता येते. जेपीईजीच्या प्रगत पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ निवडा.

नंदनवन
वॉलपेपर एकरंगी, पारदर्शकता बंद, स्केल १५० टक्के करून पहिल्या प्रकरणाचे स्क्रीनशॉट पुन्हा काढले. वर्डचीही खूण केली. कागदावर शिरोरेषा आणि अनुस्वार स्वच्छ आले. आता व्हॉट्सअॅपचे तेवढे राहिले. पीएनजी टाकली तरी पलीकडे जेपीजीच पोचते.

मिहान_टेस्टर
फोटो म्हणून पाठवले की व्हॉट्सअॅप ते आपल्या पद्धतीने लहान करून जेपीजी बनवते, ‘एचडी’ निवडले तरी जेपीजीच, फक्त पिक्सेल जास्त. व्हॉट्सअॅप वेबवर कंट्रोल + व्हीने चिकटवलेले चित्रही फोटोच समजले जाते. जोडणीच्या खुणेवर (जोडपीन किंवा +) क्लिक करा, ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि पीएनजी तिथून द्या. ती एकही बाइट न बदलता पोचते.

७० फाइल सुट्या पाठवण्यापेक्षा प्रकरणवार पीडीएफ करा, तीही डॉक्युमेंट म्हणूनच. शिक्षकांना मोबाइलवर लगेच दिसावे असे एखाद-दुसरे चित्र फोटो म्हणून टाकायचे असेल, तर पूर्ण स्क्रीन टाकू नका. ज्या बटणाबद्दल बोलायचे आहे त्याच्या आजूबाजूचा ६००-७०० पिक्सेलचा भाग कापा, निअरेस्ट नेबरने २०० टक्के करा आणि मग पाठवा. अनुस्वार दोन पिक्सेलऐवजी चार पिक्सेलचा झाला की तरंग उठले तरी ठिपका टिकतो. फाइलच्या नावात प्रकरण आणि आकृती क्रमांक दोन-दोन अंकी ठेवा, ०३-०७ असा, म्हणजे क्रम लागतो आणि नवी आवृत्ती काढताना मूळ पीएनजी लगेच सापडते.